सोळा मेच्या चोवीस रिंगा

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
२२ सप्टेंबर १९९३

आदरणीय ह्युबर्टअंकल,

जगनचा नमस्कार. तुम्ही मस्कतला सुखरूप पोचल्याचं थेल्माताईचं कार्ड वर्कशॉपात आलं. परशुराम शेठनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि उत्तर मी लिहावं असं ठरलं. पण हे पत्र म्हणजे ते उत्तर नाही. हे तुम्ही एकट्याने वाचा.

परवा सोमवारी सकाळी श्रीहरिकोट्याहून आपलं नवं मोठं रॉकेट सोडलं, पीएसएलव्ही. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो म्हणून मी रजेवर होतो. दुपारच्या बातम्यांत सांगितलं की रॉकेट उडालं, वर गेलं आणि मधेच भरकटून उपग्रहासकट समुद्रात पडलं. बाबा विसर्जनासाठी पाट पुसत होते. ते म्हणाले, "दर्यानच परला ना? कुनाचे डोक्यावं नाय परला, बरा झाला." घरातले सगळे हसले. मी उंबऱ्यावर जाऊन बसलो.

अंकल, १६ मे १९९२, शनिवार. थेल्माताईच्या लग्नाचा आदला दिवस. दुपारी बारापासून वीज नव्हती. चेकिंगच्या खोलीतला एसी बंद होता. त्या चोवीस ॲल्युमिनियमच्या रिंगा अडीच वाजता सोड्याच्या गरम पाण्यातून धुऊन आल्या, आणि रॉकेटचं काम करणाऱ्या मोठ्या कंपनीचा टेम्पो दारात उभा होता. फोरमन म्हणून तुम्हीच मला शिकवलं होतं की तयार तुकडा एक रात्र थंड खोलीत वीस अंशांवर मुक्कामाला ठेवायचा आणि मगच मोजायचा, कारण गरम धातू फुगलेला असतो. त्या दिवशी मुक्काम झाला नाही. मी प्रत्येक रिंग तीन वेळा मोजली. बहात्तर मापं, सगळी बरोबर. पण रिंगा कोमट होत्या. तरी रिपोर्टवर तापमानाच्या रकान्यात मी 'वीस अंश' लिहिलं आणि सही केली. मग आपण सगळे तुमच्या आळीतल्या विहिरीवर नवरीच्या अंघोळीसाठी उंबराचं पाणी काढायला गेलो. बँडच्या मागे मी पण नाचलो.

कोमट असताना बरोबर, म्हणजे गार झाल्यावर लहान. त्या रिंगेच्या खाचेत रबर बसतं आणि दोन नळ्यांचा सांधा बंद होतो, एवढं आपल्याला सांगितलं होतं. रिंग लहान असेल तर रबर नीट दाबलं जाणार नाही, आणि सांध्यातून वायू निसटेल. रॉकेट त्यामुळेच पडलं असेल का?

मला दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. तुम्ही कळवा.

आपला,
जगन

—

मस्कत
६ ऑक्टोबर १९९३

जगन्या बाबा,

तुझं पत्र भिंग धरून एकट्यानेच वाचलं आणि मला वाटलं तुझ्या घरात कोण गेलं की काय. अरे, त्या रॉकेटात लाखभर भाग असतील. हजार माणसं मोठमोठ्या कॉलेजातून शिकून त्यावर बसलेली. आणि ते पडलं कुणामुळे, तर चेंदणीच्या दामाजी कोळ्याच्या पोरामुळे! शेठला सांग, एवढ्या मोठ्या माणसाला स्टुलावर बसवू नको, खुर्ची दे.

माझ्या पोरीचं लग्न म्हटलं की मला बँड आठवतो, माझ्या बायकोचं, व्हिनिफ्रेडचं, रडणं आठवतं. तुला आठवतो सोडा.

रिंगा गार होत्या. मी स्वतः हात लावून बघितलेलं. चाळीस वर्षं या हातांनी लोखंड धरलं, त्यांना गरम-थंड कळत नाही काय? तेव्हा ते डोक्यातून काढ. मे महिन्यात सगळंच कोमट लागतं, पाणीसुद्धा.

इकडे मी नातवाला गाडीत बसवून फिरवतो. येताना चष्मा विसरलो, पण मायक्रोमीटर आणला. थेल्मा म्हणते, पप्पा, इथे काय मोजणार? मी म्हटलं, तुझा नवरा. गेल्या वर्षापेक्षा पोट चार इंच पुढे आलंय.

तुझ्या आईला, आवडाबाईला सलाम सांग. तिच्या सुक्या बोंबलांची इकडे फार आठवण येते.

तुझा,
ह्युबर्ट अंकल

—

ठाणे
२५ ऑक्टोबर १९९३

आदरणीय अंकल,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं, फक्त बोंबलांपुरतं. ती खूश झाली. पुढचं मी मनात वाचलं.

तुम्ही लिहिलंत की रिंगा गार होत्या. अंकल, मी त्या फडक्यात धरून मोजल्या होत्या. फडकं घेतलं ते कशासाठी, हे मला आठवतं.

मी रोज संध्याकाळी वाचनालयात जातो. मला वाटलं होतं, रॉकेटबद्दल नीट वाचलं की भीती जाईल. आधी गेलीही होती. रशियात एक शाळामास्तर होता. लहानपणी तापाने त्याचे कान गेले, शाळा सुटली, आणि तो स्वतःच पुस्तकं वाचून शिकला. माणसं ग्रहांवर कशी जातील याचं गणित त्याने विमानं निघायच्या आधी मांडलं. शाळा सुटलेला माणूस, हे वाचून मला बरं वाटलं. टिपू सुलतानाच्या फौजेत लोखंडी नळीचे बाण होते, ते बघून इंग्रजांनी आपले तयार केले, हेही वाचलं. आणि आपलं पहिलं रॉकेट केरळात थुंबा नावाच्या मासेमारीच्या गावातून उडालं. तिथल्या ख्रिस्ती कोळ्यांनी गाव दिलं आणि बिशपने चर्च दिलं. चर्चमध्ये रॉकेट जोडायचे आणि सायकलवरून भाग न्यायचे. तुमची आणि माझी जात मिळून एका गावात, असं वाटून मी एकटाच हसलो.

पण पान उलटलं की काहीतरी लहानच मोडलेलं असतं. १९७१ साली तीन रशियन माणसं तेवीस दिवस आकाशात राहून परत आली. यान अगदी नीट जमिनीवर उतरलं. दार उघडलं तर तिघे आपापल्या जागी बसलेले, मेलेले. एक झडप वेळेआधी उघडली होती आणि आतली हवा निघून गेली होती. झडप केवढी, तर मुठीत मावेल. मग १९८६ चं अमेरिकेचं चॅलेंजर. सात माणसं, त्यातली एक मास्तरीणबाई, मुलं शाळेत टीव्हीवर बघत होती. सांध्यातली रबरी रिंग थंडीने कडक झाली होती आणि सांधा बंद झाला नाही. अंकल, रिंग आणि सांधा आणि तापमान. मी पुस्तक मिटून बाहेर आलो आणि तलावपाळीच्या कठड्याला धरून उभा राहिलो.

त्यातली एक गोष्ट सगळ्यात वाईट आहे. तो सांधा बनवणाऱ्यांतल्या काही माणसांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं की थंडी फार आहे, सोडू नका. त्यांचं कुणी ऐकलं नाही. पण त्यांनी सांगितलं होतं. मी सांगितलेलं नाही.

वर्कशॉपात बाळ टर्नर मला रोज छळतो. "काय रे, रॉकेट पडलं तर तू का सुतकात? तुझा मामा होता काय आत?" बाकीचे हसतात. मी पण हसतो. आता प्रत्येक तुकडा पाच वेळा मोजतो. शेठ म्हणाले, "जगन, तू मोजतोयस का जप करतोयस?"

आपल्या फाइलमधली थेल्माताईच्या लग्नाच्या आदल्या दिवसाच्या रिपोर्टची नक्कल मी काढून बघितली. 'वीस अंश', माझ्याच अक्षरात, अगदी स्वच्छ.

तुमचा,
जगन

—

मस्कत
१२ नोव्हेंबर १९९३

जगन,

ऐक. थेल्मा माझी पत्रं उघडते, कारण मला चष्म्याशिवाय दिसत नाही. तुझं गेलं पत्र तिनेच मला वाचून दाखवलं. तिच्याच लग्नाच्या आदल्या दिवशी काय झालं ते तिने स्वतःच्या तोंडाने वाचलं. मधेच थांबली. "पप्पा, हे काय आहे?" मी म्हटलं, काही नाही, पोरगा पुस्तकं वाचून येडा झालाय.

वर्कशॉपात अकरा माणसं आहेत. अकरा घरं. त्यातलं एक तुझं. मोठ्या कंपनीला नुसता वास लागला तरी ती काम काढून घेईल. परशुरामने मला निरोपाला शाल दिली, फोटो लावला, फादरना बोलावलं. त्या फोटोखाली उभं राहून तू काय सांगणार आहेस?

ती पुस्तकं परत कर. फाइल होती तिथे ठेव. यावर मला परत लिहू नको. दुसरं काहीही लिही.

ह्युबर्ट

—

ठाणे
२० जानेवारी १९९४

आदरणीय अंकल,

तुम्ही नको म्हणालात म्हणून दोन महिने लिहिलं नाही. आजचं पत्र थेल्माताईने वाचलं तरी चालेल, कारण बातमी चांगली आहे. निदान पहिली अर्धी.

रॉकेट का पडलं त्याचं कारण समितीला सापडल्याची बातमी वाचनालयातल्या पेपरात होती. रॉकेटच्या संगणकाला दिलेल्या आज्ञांमध्ये चूक होती. रिंगेचं नाव कुठेच नाही. मी बातमी चार वेळा वाचली, मग माझ्या वहीत उतरवून घेतली. येताना आईसाठी मोगऱ्याची वेणी घेतली. आई म्हणाली, "आज काय हाय?" मी म्हटलं, काही नाही. त्या दिवशी कळव्याच्या पुलावर उभं राहून मी कितीतरी वेळ खाडीकडे बघत राहिलो. माझ्यामुळे नाही पडलं, अंकल. माझ्यामुळे नाही.

हे अकरा दिवस टिकलं.

सोमवारी मोठ्या कंपनीचा माणूस नवीन ऑर्डरचा कागद घेऊन आला. चहा पिताना तो शेठना म्हणाला, "तुमच्या त्या मेमधल्या चोवीस रिंगा वेळेला आल्या म्हणून बरं. सहा जमिनीवरच्या चाचणीत वापरल्या. अठरा स्टोअरमध्ये आहेत, त्या पुढच्या वेळेला लागतील." शेठ म्हणाले, "आमचा माल म्हणजे डोळे मिटून घ्या." आणि माझ्याकडे बघून हसले. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

म्हणजे त्या पडलेल्या रॉकेटात त्या नव्हत्याच. पुढच्यात असणार आहेत. इतके दिवस मी होऊन गेलेल्या गोष्टीला भीत होतो. ते सोपं होतं असं आता वाटतं. आता मी गप्प राहिलो तर कुणाला कधीच कळणार नाही. आणि पुढचं रॉकेट पडलं तर फक्त दोघांना कळेल.

तुम्ही यावर लिहू नको म्हणाला होतात. माफ करा.

जगन

—

मस्कत
८ फेब्रुवारी १९९४

जगन्या,

तुझं पत्र या वेळी मी स्वतः वाचलं. थेल्माने नवा चष्मा करून दिला.

तुम्ही लोकांनी मला निरोपाला माझं नाव कोरून दिलेली ती नापास रिंग इथे आहे. तीच जात, तेच माप. रविवारी सगळी मंडळी मासला गेली तेव्हा मी तापाचं कारण सांगून घरी राहिलो. खोटं बोलून चर्च चुकवलं, तेही या वयात. रिंग शनिवारपासून एसीत होती. मोजली. मग थेल्माच्या पातेल्यात सोड्याचं पाणी गरम केलं, त्यात ठेवली, काढली, पुसली, हाताला कोमट लागेपर्यंत थांबलो, मोजली. परत थंड केली. परत गरम केली. तुझ्यासारखी तीन वेळा.

पाच शतांशांचा फरक.

आपल्याला मिलिमीटरचे तीन शतांशच माफ होते. तुला हे सांगायला नको.

आता तू काय करणार ते मला माहीत आहे. तुला मीच घडवलं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करू? एवढंच लक्षात ठेव, रिपोर्टवर माझी सही नाही. तुझी एकट्याची आहे. तुला कुणी सांभाळून घेणार नाही. मी तर समुद्रापलीकडे आहे.

पातेल्याला सोड्याचा डाग पडला. थेल्मा विचारत होती.

ह्युबर्ट

—

ठाणे
२ मार्च १९९४

आदरणीय अंकल,

काल मी पत्र टाकलं. मोठ्या कंपनीत जाऊन सांगायला हवं होतं, पण साहेबांसमोर माझी जीभ वळत नाही, कागदावर वळते. सात वेळा लिहिलं. तुमच्यासाठी नक्कल खाली उतरवतो.

'तपासणी विभागाचे प्रमुख यांस. महोदय, दि. १६ मे १९९२ रोजी आमच्या वर्कशॉपातून आपल्याकडे पाठवलेल्या चोवीस ॲल्युमिनियमच्या रिंगा मी कोमट असताना मोजल्या. रिपोर्टवर वीस अंश असं लिहिलं, ते खोटं आहे. गार झाल्यावर त्या पाच शतांशांनी लहान असू शकतील. हे मी स्वतःच्या घाईने केलं. दुसऱ्या कुणालाही याची कल्पना नव्हती. त्या रिंगा वापरू नयेत, ही हात जोडून विनंती. — जगन दामाजी, तपासनीस.'

पोस्टाच्या पेटीत टाकताना पाकीट अर्धं आत गेलं आणि मी धरून ठेवलं. मागे एक बाई उभी होती. ती म्हणाली, "अरे भाऊ, टाक की, लव्हलेटर आहे काय?" मग सोडलं.

शेठना अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी फाटकातून आत जाताना वाटतं, आज कळलं असेल. फोन वाजला की माझ्या हातातलं माप चुकतं. बाबांना सांगावं असंही वाटतं, पण ते विचारतील, "कवरा कमी परला?" मी सांगेन, केसाच्या जाडीपेक्षा कमी. आणि ते हसतील. त्यांच्या हसण्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण मग मला पण वाटेल की हे हसण्यासारखंच होतं.

जगन

—

मस्कत
१६ मार्च १९९४

जगन्या, गाढवा,

'स्वतःच्या घाईने.' 'दुसऱ्या कुणालाही कल्पना नव्हती.'

एक खोटं माप दुरुस्त करायला निघालास आणि त्याच कागदावर दुसरं खोटं माप लिहिलंस? हे शिकवलं मी तुला? बहात्तर मापं बरोबर लिहितोस आणि माणसाचं माप चुकवतोस?

त्या दिवशी तू रिंग हातात घेऊन दारापाशी आलास. म्हणालास, "अंकल, गरम आहेत, सोमवारी मोजू या." तुला प्रत्येक शब्द आठवतोय. सहा महिन्यांत एकाही पत्रात तू तो लिहिला नाहीस, म्हणून मीच लिहितो. मी नवा कोट घालून दारात उभा होतो. म्हणालो, "जगन्या, माझ्या पोरीचं पाणी काढायचंय. बँडवाले येऊन बसलेत, विहिरीवर बायका थांबल्यात. रिंगा काय पळून जातात? वीस लिही आणि चल." तू मान खाली घातलीस आणि लिहिलंस. फोरमनचा शब्द. मी नियम केला आणि मीच मोडायला लावला.

आणि हात लावून बघितलं असं तुला पहिल्या पत्रात लिहिलं ना? लावला नव्हता. मी आत आलोच नव्हतो. आत आलो असतो तर मला थांबावं लागलं असतं.

मी थेल्माला सगळं सांगितलं. वाटलं होतं, रडेल. ती म्हणाली, "पप्पा, ते पाणी एक तास उशिरा काढलं असतं तर मी काय कुमारी राहिले असते?" मग माझ्यासमोर बसून तिने इंग्रजीत पत्र लिहिलं, मी सही केली. तुझ्या त्या साहेबांना रजिस्टर पोस्टाने काल गेलं. त्यात लिहिलंय की तपासनिसाने हरकत घेतली होती आणि फोरमनने हुकूम दिला. आता ते खरं आहे.

भीती वाटतेय रे. तुला वाटत असेल हा म्हातारा नुसता ओरडतो. मला फोटोची भीती वाटते. चाळीस वर्षांत मी दुसरं काही मिळवलं नाही.

काय झालं ते लगेच कळव.

तुझा,
ह्युबर्ट अंकल

—

ठाणे
३० एप्रिल १९९४

आदरणीय अंकल,

सगळं क्रमाने लिहितो.

अकरा एप्रिलला मला मोठ्या कंपनीत बोलावलं. शेठ बरोबर होते. कंपनीच्या फोनवरून त्यांना कळलं होतं. वर्तकनगरच्या नाक्यापर्यंत आम्ही एका रिक्षातून गेलो. आत तपासणीचे साहेब होते, अजून दोघे होते. टेबलावर तुमचं आणि माझं पत्र शेजारी शेजारी ठेवलेलं.

साहेबांनी विचारलं, "शिक्षण किती?"

"नववी."

"मग हे पत्र कोणी लिहून दिलं?"

"मीच लिहिलं."

त्यांनी दोन्ही पत्रं पुढे ओढली. मग म्हणाले, "यात तुम्ही म्हणता दुसऱ्या कुणाला कल्पना नव्हती. या पत्रात फोरमन म्हणतो हुकूम माझा होता. खरं काय?"

अंकल, शेठ माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "फोरमन म्हणतात ते खरं. पण सही माझी आहे."

मग त्यांनी मला थंड खोलीत नेलं. त्या अठरा रिंगा दोन दिवसांपासून तिथे ठेवल्या होत्या. मला वाटलं, ते मोजतील आणि मी बघेन. साहेब म्हणाले, "तुम्ही मोजा." तीन माणसं पाठीमागे उभी. मी हात पुसून मायक्रोमीटर घेतला. पहिली बरोबर आली. दुसरी बरोबर. तिसरी, चौथी बरोबर. शेठनी मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला. मला वाटलं, माझ्या येडेपणापायी मी सगळ्यांना मातीत घातलं. पाचवी माफ असलेल्या तीन शतांशांपेक्षाही दोन शतांशांनी लहान निघाली. मी परत मोजली. मग सहावी.

अठरामधल्या सात लहान होत्या. बाकीच्या त्या दिवशी मोजेपर्यंत गार होत आल्या असाव्यात.

मी आकडे लिहून सही केली. तापमानाच्या रकान्यात लिहायच्या आधी भिंतीवरचा काटा बघितला आणि साहेबांना म्हटलं, "तुम्ही पण बघा." त्यांनी बघितलं.

मी विचारलं, "बसवण्याआधी तुम्ही परत मोजता ना साहेब?" ते म्हणाले, "चोवीसमधल्या दोन. रिपोर्ट चांगला असला की दोनच." त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं. मग म्हणाले, "सहा चाचणीत गेल्या, त्या भंगारात आहेत. त्यांची मापं काय होती ते आता कुणी सांगू शकत नाही."

कंपनीने काम काढून घेतलं. आपल्याकडे आता पाचच माणसं उरली आहेत. बाळ त्यात नाही. जाताना तो दारात थांबून म्हणाला, "चला, महात्मे, आम्हाला वाटेला लावलंत." त्याची बायको रंभा माझ्या आईबरोबर बाजारात बसते, तिने आता जागा बदलली. शेठनी मला बोलावून सांगितलं, "तू केलंस ते बरोबर केलंस. आता जाताना दार बाहेरून लावून घे." तेवढंच. मी लावून घेतलं. तेव्हापासून घरीच आहे.

शेठनी तुमचा फोटो भिंतीवरून काढला. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितो. खिळा अजून तसाच आहे.

जगन

—

ठाणे
१६ ऑक्टोबर १९९४

आदरणीय अंकल,

तुमचं जूनचं पत्र मिळालं होतं. 'त्या फोटोत माझा टाय वाकडा होता, काढला ते बरं' हे आईला वाचून दाखवलं. ती हसली आणि मग पदराने डोळे पुसले. उत्तर लिहायला उशीर झाला, कारण हातात काम नव्हतं आणि काम नसताना लिहायला सुचत नाही. ऑगस्टपासून डोंबिवलीला एका कारखान्यात लागलो आहे. कुकरच्या शिट्ट्या तपासायच्या. तिथे मी कोण, काय, हे कुणाला माहीत नाही.

काल शनिवारी परत पीएसएलव्ही सोडणार, असं आधीपासून माहीत होतं. मी खाडा केला. दहा वाजल्यापासून रेडिओजवळ बसलो. बातम्या दुपारी लागणार होत्या, पण मला उठवेना. साडेदहा वाजले तेव्हा मनात म्हटलं, आता सुटलं असेल. मग वाटलं, आता गेल्या वेळी भरकटलं तिथे आलं असेल. त्यात आपलं काहीही नव्हतं. मला ते पक्कं माहीत होतं. अठराच्या अठरा रिंगा साहेबांनी माझ्यासमोर मोडीत टाकल्या होत्या. तरी मी घड्याळावरून नजर काढली नाही. आपली नाही तर दुसऱ्या कुणाची तरी रिंग त्यात असेल. कुणीतरी कुठल्यातरी गावात ती मोजली असेल. त्याच्या घरी पण त्या दिवशी लग्न असेल. हे सगळं त्या दोन तासांत मनात आलं.

बाबा जाळं विणत बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "कवरा घाम फुटलाय तुला. ताप हाय का?"

बातम्या लागल्या. रॉकेट नीट वर गेलं. उपग्रह ठरलेल्या जागी पोचला. बातम्या सांगणारी बाई पुढे क्रिकेटकडे वळली, तरी मी ऐकत राहिलो. मग रेडिओ बंद केला. आईने चूल सोडून बाहेर येऊन विचारलं, "काय झाला?" मी म्हटलं, गेलं. नीट गेलं.

बाबा जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "आपला काय हाय रं त्याच्यान?"

मी म्हटलं, "सात रिंगा नाहीत."

बाबांना काही कळलं नाही. जाळं बाजूला ठेवून ते म्हणाले, "नाय तं नाय. जेव आता."

मी जेवलो.

तुमचा,
जगन